घास गळ्याखाली उतरेना
कंपवाताच्या घरातील एक न बोललेले दुखणे

कंपवात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. हात थरथरतो आहे, कपातला चहा बशीत सांडतो आहे, पाऊल अडखळते आहे. हे दिसते, म्हणून त्याची चर्चा होते. डॉक्टरही प्रथम हातच पाहतात. परंतु या आजाराने माणसाचे तोंड आणि घसाही हळूहळू मंद होत जातो, हे फार थोड्या घरांना वेळेवर कळते. लाळ गळू लागते, घास तोंडात घोळत राहतो, पाणी पिताना ठसका लागतो, आवाज बारीक होतो. घरची माणसे म्हणतात, "वय झालं आता." कुणी म्हणते, "मुद्दाम करतात." आणि एक दिवस ताप भरतो, छाती घरघरू लागते आणि इस्पितळात गेल्यावर कळते, की अन्नपाण्याचे कण कित्येक दिवस फुप्फुसात उतरत होते.

आम्ही डॉक्टर नव्हे. कारकुनी करून उरलेल्या वेळात वस्तीतल्या आजारी माणसांना इस्पितळात नेणे, त्यांचे केसपेपर काढणे, लायनीत उभे राहणे, हे काम आम्ही गेली बरीच वर्षे करीत आलो आहोत. त्यात कंपवाताची माणसे पाहिली, शिवाय आमच्या सख्ख्या मामांनाच हा आजार आहे. जे पाहिले, तज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते आपल्या घराघरात पोहोचावे म्हणून हा लेखनप्रपंच.

ही काही नवी माहिती नाही. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर जो छोटेखानी निबंध लिहिला, त्यातच लाळ गळण्याचा आणि घास चावता-गिळता न येण्याचा उल्लेख आहे. त्यांनी अवघे सहा रुग्ण वर्णिले, त्यातले काही तर रस्त्याने जाताना पाहिलेले. हे गृहस्थ राजकीय सुधारणांसाठी टोपणनावाने पत्रके लिहिणारे होते, ही गोष्ट आम्हाला विशेष वाटते. रस्त्यावरच्या माणसाकडे पाहण्याची नजर त्यांच्यापाशी होतीच. पुढे फ्रान्सचे शार्को यांनी या आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले. आज दोनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी घरोघरी घशाचे दुखणे हे "वयाचे" म्हणूनच सोडून दिले जाते.

आता हे होते कशामुळे? मेंदूच्या एका भागात डोपामिन नावाचे द्रव्य तयार होते. शरीराची हालचाल सुरळीत, न ठरवता, आपोआप व्हावी यासाठी ते लागते. कंपवातात ते तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हात हलवणे मंदावते तसेच जीभ, ओठ, गाल आणि घसा यांचेही काम मंदावते. आपण दिवसभर नकळत लाळ गिळत असतो. कुणी आपल्याला "गिळ" म्हणून सांगत नाही. कंपवाताच्या माणसात हे नकळत होणारे काम कमी होते. म्हणजे लाळ जास्त सुटते असे नव्हे. लाळ नेहमीइतकीच असते, पण ती वेळेवर गिळली जात नाही. त्यात मान पुढे झुकलेली आणि ओठ पुरते न मिटलेले, मग ती बाहेर ओघळते. हे कळले की घरातल्या निम्म्या बोलाचाली थांबतील. माणूस घाणेरडा झालेला नसतो, त्याची गिळण्याची घडी बिघडलेली असते.

आमचे मामा गोदीतून निवृत्त झालेले. पाठीवर पोती वाहिलेला माणूस, जेवायला बसला की चार भाकऱ्या सहज. आजार जडल्यावर चारएक वर्षांत त्यांचे जेवण एका भाकरीवर आले. जेवायला पाऊण तास, कधी तास. मामी बिचारी पुन्हा पुन्हा वरण गरम करायची आणि शेवटी रागावायची. मामा लग्नाच्या पंगतीला जाणे टाळू लागले. "भूक नाही" म्हणत. पँट कमरेला दोरीने बांधायची वेळ आली तेव्हा आम्ही त्यांना वजनकाट्यावर उभे केले. अकरा किलो वजन गेले होते. एका पावसाळ्यात दोनदा छातीत कफ झाला. दोन्ही वेळा औषध मिळाले, ताप उतरला, घरी पाठवले. एका इस्पितळात तर "म्हाताऱ्यांना पावसाळ्यात होतंच" असे ऐकून घ्यावे लागले. जेवताना काय होते, हा प्रश्न कुणी विचारला नाही. तिसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मामांना समोर बसवून चमचाभर पाणी पाजले, गळ्यावर बोटे ठेवली, मग "आ" म्हणायला सांगितले. आवाज ओला, घरघरता आला. त्यांनी लगेच स्पीच थेरपिस्टकडे चिठ्ठी दिली.

आम्हाला तोवर वाटे, स्पीच थेरपिस्ट म्हणजे तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवणारे. परंतु बोलणे आणि गिळणे यांचे स्नायू पुष्कळसे एकच. त्यामुळे गिळण्याची तपासणी आणि त्याचे व्यायाम हेही त्यांचेच काम. ज्याचा आवाज बारीक होत चालला आहे, त्याच्या गिळण्याकडेही लक्ष ठेवावे.

ठसका लागतो म्हणजे धोका आणि ठसका नाही म्हणजे सुखरूप, असा हिशेब करू नका. या आजारात घशाची जाणीवही बोथट होते. पाणी श्वासनलिकेत जाते आणि माणूस खोकतसुद्धा नाही. आमच्या पलीकडच्या चाळीतील एक आजी अशाच गेल्या. घरचे सांगत होते, "कधी साधा ठसका लागला नाही हो." न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत सारे आटोपले. कंपवाताच्या रुग्णांच्या मृत्यूचे न्यूमोनिया हे एक मोठे कारण आहे, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

तेव्हा खुणा ओळखाव्यात. जेवल्यावर आवाज ओला होणे, सतत घसा खाकरणे, गालात घास साठून राहणे, गोळी घशात अडकल्यासारखी वाटणे, जेवणाला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागणे, आवडीचे पदार्थ टाळणे, कारण नसता वजन उतरणे, वरचेवर ताप व छातीत कफ होणे. यातल्या एक-दोन दिसल्या तरी पुढच्या तपासणीची वाट पाहू नये. गरज पडल्यास बेरियम घातलेला घास गिळवून त्याचे क्ष-किरणाने चित्रण करतात किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. दोन्हींत घाबरण्यासारखे काही नाही.

पाणी वरून पिऊ नये

घरात काय बदलायचे, तर सर्वांत आधी बसणे. खाटेवर आडवे असताना घास भरवणे साफ बंद. खुर्चीवर पाठ सरळ, पाय जमिनीला टेकलेले, ताट जरा उंचावर. खाली मांडी घालून बसण्याची आपली सवय चांगली, पण ज्याची पाठ आधीच वाकली आहे तो ताटावर ओणवा होतो आणि घसा दबतो. जेवण झाल्यावर निदान अर्धा तास तसेच बसवावे, लगेच लवंडू देऊ नये.

दुसरी गोष्ट आपल्याकडची खास. तांब्या वर धरून, मान मागे टाकून, तोंडाला न लावता पाणी पिणे. कंपवाताच्या माणसासाठी यासारखी धोक्याची गोष्ट नाही. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट उघडी पडते. गोळी तोंडात फेकून मान मागे झटकणे हेही तसेच. उंच, निमुळता पेला अर्धा रिकामा झाला की मान आपोआप मागे जाते, म्हणून रुंद तोंडाची वाटी किंवा पसरट कप घ्यावा. पुष्कळांना हनुवटी किंचित छातीकडे आणून गिळल्याने फायदा होतो, पण ते आपल्या माणसाला लागू आहे की नाही हे थेरपिस्टने पाहून सांगावे. एक घोट, गिळणे, पुन्हा एकदा कोरडे गिळणे, मग दुसरा घोट.

चमचा चहाचा, छोटा. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. टीव्ही बंद. जेवताना प्रश्न विचारायचे नाहीत. कंपवाताच्या माणसाला दोन कामे एकदम करणे जड जाते. आमच्या मामींना हे सांगितले तर म्हणाल्या, "मग जेवताना मी बोलू तरी कुणाशी?" प्रश्न खरा आहे. त्यांनी तोडगा काढला. आधी मामांना जेवू घालतात, मग मामा त्यांच्याशेजारी बसतात आणि त्या जेवतात. दोनदा ताट मांडावे लागते, पण घरातला वाद संपला.

काय खावे यावर आम्हाला सर्वांत जास्त प्रश्न येतात. नियम साधा आहे. मऊ, एकजीव, ओलसर असे उतरते. कोरडे, भुगा होणारे, सुटे दाणे असलेले अडकते. भाकरी बंद करायची गरज नाही. वरणात किंवा पिठल्यात कुस्करून, भिजू देऊन द्यावी. पिठले दाट असल्याने बरे उतरते. भात मोकळा नको, आसट हवा. चुरमुरे, शेव, फुटाणे, शेंगदाणे, सुकटाची कोरडी चटणी यांना रजा द्यावी. मटणाच्या फोडीऐवजी खिमा, मासा द्यायचा तर काटे हातांनी चाचपून. अंडे उकडले तर पिवळा बलक कोरडा पडतो, त्यापेक्षा मऊ भुर्जी बरी. आणि ज्यात पातळ व घट्ट एकत्र आहे ते फसवे. पातळ रश्शातल्या फोडी किंवा शिते वेगळी व पाणी वेगळे असलेली पेज तोंडात घेतली, की पाणी आधी पळते आणि शीत मागे राहते. पेज घोटून एकजीव करावी.

पातळ पदार्थांचे गणित उलटे वाटते. पाणी, चहा, ताक हे सर्वांत सोपे, असे आपल्याला वाटते. परंतु ते घशात फार वेगाने उतरतात, मंद घशाला सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून काहींना दाट पेय देण्याचा सल्ला मिळतो. नाचणीचे सत्त्व किंवा दाटसर आंबील आपल्या घरात असतेच. पाणी दाट करण्याची पावडर औषधाच्या दुकानात मिळते, पण ती महाग आहे आणि सर्वांना लागतेच असे नाही. काहींना दाट पदार्थ घशात चिकटून राहतो. तेव्हा शेजारच्यांनी केले म्हणून आपण करू नये, तपासणी करून ठरवावे. शिवाय दाट केलेले पाणी आवडत नाही म्हणून माणूस पाणीच कमी पितो आणि मग आधीच असलेली बद्धकोष्ठता आणखी वाढते. दिवसभरात किती पाणी पोटात गेले, यावर लक्ष हवे.

गोळीचा आणि जेवणाचा मेळ

लेवोडोपा-कार्बिडोपाची गोळी हा या आजारातील मुख्य आधार. गोळीचा असर असताना हात जसा मोकळा होतो तसे काहींचे गिळणेही सुधारते. म्हणून जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी गोळी घ्यावी आणि असर आल्यावर ताटावर बसावे, असे सांगतात. जेवणातील प्रथिने, म्हणजे दूध, अंडे, मटण, डाळ, ही काही जणांत गोळीच्या असराआड येतात. पण तेवढ्यावरून डाळ-अंडी बंद करून आधीच खंगलेल्या माणसाला आणखी खंगवू नये. वेळा कशा लावायच्या हे डॉक्टरांना विचारावे. वेळ मात्र मस्टरवरच्या सहीसारखी पाळायची. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटून देऊ नयेत, एकदम सारा असर उतरतो. साधी गोळी गिळवत नसेल तर चमचाभर कुस्करलेल्या केळ्यात चालेल का, हे औषधवाल्याला गोळीचे पाकीट दाखवून विचारावे.

इस्पितळात भरती झाल्यावर "तोंडाने काही देऊ नका" अशी पाटी लागते, तेव्हा कंपवाताची गोळीही बंद होते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ही गोळी एकाएकी तोडणे धोक्याचे आहे. शरीर लाकडासारखे आखडते, ताप चढतो. तेव्हा नातेवाइकाने स्वतः विचारावे, "डॉक्टर, यांची कंपवाताची गोळी कशी द्यायची?" नळीतून देता येते. न लाजता, दर पाळीच्या नर्सला सांगावे. मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड हे औषध कंपवाताच्या रुग्णाला चालत नाही, तेही केसपेपरवर लिहून घ्यावे. आणखी एक. खाजकुयलीच्या बियांत लेवोडोपा असतो, हे खरे आहे. त्यामुळेच ते चूर्ण गोळीच्या जोडीला गुपचूप घेऊ नये, मात्रा दुप्पट होते. धागेदोरे आणि अंगारे यांविषयी आपल्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको.

लाळेसाठी काही सोपे उपाय आहेत. मान वर ठेवणे, बोलण्याआधी एकदा गिळणे, खिशात सुती रुमाल, ओठांच्या कोपऱ्याला वॅसलिन. ज्याचे गिळणे ठीक आहे त्याने बिनसाखरेचा च्युइंगम चघळल्यास गिळण्याची आठवण राहते. ज्याला घास अडकतो त्याला तो देऊ नये. पुढचे उपाय डॉक्टरांचे. लाळ कमी करणारी औषधे आहेत, लाळग्रंथीत बोट्युलिनमचे इंजेक्शनही देतात, पण ते महाग पडते. ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी औषधे वयस्कर माणसांत भ्रम, लघवी अडकणे, बद्धकोष्ठता आणि कोरडे तोंड देऊ शकतात. गोळी सुरू झाल्यावर आजोबा असंबद्ध बोलू लागले तर ते वेड नव्हे, आधी गोळीचा संशय घ्यावा आणि डॉक्टरांना गाठावे.

काहींचे उलट होते, तोंड कोरडे पडते. अशा तोंडात दात झपाट्याने किडतात. आणि येथे आपल्या घरातल्या एका जुन्या सवयीबद्दल बोलणे भाग आहे, मिश्री. आमच्या कित्येक आया-मावश्या दात घासण्याच्या नावाखाली तासभर मिश्री लावतात. तंबाखूचाच तो प्रकार. मंद झालेल्या तोंडात ती साठून राहते, लाळेबरोबर घशात जाते. ती सोडावी, आणि फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, दिवसातून दोनदा. स्वच्छ तोंडाचा संबंध थेट फुप्फुसाशी आहे, कारण घाणेरड्या तोंडातले जंतूच लाळेबरोबर छातीत उतरतात. ब्रश हातात ठरत नसेल तर त्याच्या दांड्यावर सायकलच्या मुठीचे रबर चढवावे. मामांच्या ब्रशला आम्ही तेच केले, खर्च नगण्य. चूळ भरताना ठसका लागत असेल तर पेस्ट वाटाण्याहून कमी घ्यावी आणि शेवटी ओल्या स्वच्छ फडक्याने तोंड पुसून घ्यावे. प्रत्येक जेवणानंतर गालात बोट फिरवून अडकलेला घास काढावा.

कवळी असेल तर ती सैल आहे का ते पाहावे. वजन घटले, गालाचे स्नायू मंदावले, की कवळी तोंडात हलू लागते आणि चावणे होतच नाही. रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. जिभेवर किंवा टाळूवर पांढरे चट्टे दिसले तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो, औषधाने जातो. दातांच्या डॉक्टरांकडे जाताना गोळीचा असर असतानाची वेळ मागावी, खुर्ची पूर्ण आडवी न करण्याची विनंती करावी. मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारातील सरकारी दंत महाविद्यालय व मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय ही कष्टकऱ्यांना परवडणारी ठिकाणे आहेत.

घास खरोखर अडकला तर? माणूस जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. टाळूवर थापट्या मारणे आणि तोंडात पाणी ओतणे ही आपली दोन्ही घरगुती साधने चुकीची आहेत. खोकला फुटत नसेल, बोलता येत नसेल, चेहरा काळवंडत असेल तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा द्याव्यात. तेवढ्याने निघाले नाही तर मागे उभे राहून, बेंबीच्या वर मूठ ठेवून, आत व वर असे पाच हिसके द्यावेत. हे आलटून पालटून करीत राहावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. घरातल्या मोठ्या मुलामुलींनाही हे शिकवून ठेवावे, कारण दुपारी घरी बहुधा तेच असतात.

आजार फार पुढे गेल्यावर नाकातून किंवा पोटातून नळी घालण्याचा प्रश्न येतो. नळीने पोट भरते, पण लाळ तरीही छातीत जाऊ शकते, तेव्हा नळी म्हणजे सारे मिटले असे नाही. याबाबत आजारी माणसाला काय हवे, ते त्याला नीट बोलता येते तोवरच विचारून घ्यावे. आम्ही मामांना विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "जोवर पिठलं उतरतंय तोवर नको." उत्तर आम्ही डॉक्टरांच्या फायलीत लिहून ठेवले आहे. सध्या पिठले उतरते आहे. वजन चार किलोंनी वाढले. रोज सकाळी गोळीनंतर ते वर्तमानपत्राचे एक पान मोठ्या आवाजात वाचतात, थेरपिस्टने लावून दिलेला हा व्यायाम आहे. अख्ख्या मजल्याला बातम्या कळतात.

मदत कुठे मिळेल? मुंबईत नायर रुग्णालयात स्पीच थेरपीचा विभाग आहे, वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. इतरत्र जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करावी. पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही मुंबईतील संस्था २००१ पासून रुग्ण व कुटुंबीयांचे गट चालवते, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. मामींना औषधापेक्षा अशा गटातल्या बायकांशी बोलून अधिक आधार मिळाला, असे त्या सांगतात.

आता आमच्या कारकुनी धंद्यातली एक गोष्ट. १९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते, कंपवात त्यात नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते एकवीस झाले आणि पार्किन्सनचा नावानिशी उल्लेख आला. म्हणजे कंपवाताच्या रुग्णालाही दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड मिळू शकते. बहुतेक योजनांसाठी चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व लागते. खिडकीवरचा माणूस "कंपवाताला मिळत नाही" म्हणाला तर परत फिरू नये, कायद्याच्या परिशिष्टाची झेरॉक्स सोबत ठेवावी. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना फक्त हातच नव्हे तर जेवणाचा त्रासही सांगावा. थेरपिस्टचा अहवाल, वजनाच्या नोंदी, न्यूमोनियाचे डिस्चार्ज कार्ड, आधार, रेशन कार्ड आणि दोन फोटो, या सर्वांच्या तीन-तीन प्रती काढून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात. मूळ कागद कुणाच्याही हातात सोडू नयेत.